विकून दाखवा

जावईबापूंना बुडवायचं, हे ताईनं बाबा गेले त्याच आठवड्यात ठरवलं. रागाच्या भरात नव्हे. रागाच्या भरात माणूस भांडी आपटतो, चार नातेवाइकांना फोन करतो आणि आठवडाभरात गार होतो. ताई थंड डोक्यानं चिडली होती, आणि तसं चिडलेलं माणूस फार वाट बघू शकतं.

जावईबापू म्हणजे ताईच्या धाकट्या बहिणीचा, धाकटीचा, नवरा. बाबांनी कौतुकानं तशी हाक मारायला सुरुवात केली आणि घरात सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. पुढं ताई ते नाव अशा सुरात घ्यायला लागली की ऐकणाऱ्याला वाटावं, शिवीच हासडली. बाहेर त्यांना सगळे 'सर' म्हणत. लोकांनी आपले पैसे कुठं गुंतवावेत याचा सल्ला देणं हा त्यांचा धंदा. कडक कॉलर, गोड जीभ, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मान डोलवायची सवय.

बाबांनी आयुष्यभर नकाशे काढले. इमारतींचे, जिन्यांचे, गटारांचे. सरळ रेघेवर त्यांचा जीव. निवृत्त झाल्यावर हाती आलेली पुंजी कुठं ठेवावी म्हणून ते घोळात पडले, तेव्हा जावईबापूंनी त्यांच्यापुढं एक तक्ता ठेवला. आडवे बारा शेअर, उभे तेच बारा, मधे चौकोनच चौकोन. दोन शेअर बरोबरीनं चढत-उतरत असतील तर चौकोन लाल. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसेल तर हिरवा. तक्ता हिरवागार होता.

"बघा बाबा, एक पडला तरी अकरा जागेवर. सगळे एकदम पडायला हे काय एका आईचे आहेत?"

बाबांना तो तक्ता इतका आवडला की त्यांनी तो जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर लावला. जेवताना बघायचे. रेघा सरळ होत्या ना.

दोन वर्षं भाव जागचे हलले नाहीत. बाजार वर गेला, खाली आला, बाबांचे बारा शेअर जिथल्या तिथं. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "आमच्या जावईबापूंची निवड आहे, वाऱ्यानं उडणारी नाही." मग बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं आणि ते शेअर विकायला गेले. घ्यायला कुणी नाही. भाव थोडा उतरवला, तरी नाही. आणखी उतरवला तेव्हा मूठभर गेले, आणि दुसऱ्या दिवशी भाव त्याच्याही खाली. मग दुसरा शेअर काढला, त्याचं तेच. तिसऱ्याचं तेच. एका दोरीला बांधलेल्या बादल्या विहिरीत सुटाव्यात तसे बाराच्या बारा खाली गेले.

जावईबापू भेटायला आले, बाबांच्या खाटेशी बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही घाई केलीत हो. थोडं थांबायला हवं होतं."

बाबांनी ते खरं मानलं. ऑपरेशन ताईनं आपल्या पगारावर कर्ज काढून केलं. खुबा जुळला, माणूस जुळला नाही. ताई चहा घेऊन गेली की कपाकडं बघत म्हणायचे, "मी घाई केली गं. तुमच्या दोघींचं होतं ते." ती समजूत घालायची, चिडायची, एकदा तर ओरडली. बाबा फक्त मान खाली घालायचे. वर्षभरात ते गेले. लोक भेटायला आले तेव्हा ताई आत पाणी भरत होती आणि बाहेरच्या खोलीत जावईबापू कुणाला तरी हळू आवाजात सांगत होते, "मी नको नको म्हणत होतो, पण म्हातारपणी माणूस घाबरतो. ऐकलं नाही त्यांनी."

ताईनं भरलेला तांब्या खाली ठेवला. फेकला नाही. त्याच वेळी ठरलं.

ती पाणीपुरवठा खात्यात हिशेबाच्या शाखेत होती. खात्याचा स्वतःचा निवृत्ती निधी होता. पंपावरची माणसं, मीटर वाचणारे, रस्त्यात खड्ड्यात उतरून व्हॉल्व्ह फिरवणारे, सगळ्यांच्या पगारातून कापलेला पैसा त्यात जमायचा. तो पैसा कुठं गुंतवला जातो आणि त्यात धोका किती, हे तपासायची एक जागा होती, आणि ती कुणाला नको होती, कारण त्यात शिव्या सगळ्यांच्या खाव्या लागत आणि श्रेय कुणीच देत नसे. ताईनं परीक्षा दिली, जागा घेतली. पहिलं काम तिनं काय केलं असेल, तर बाबांच्या भिंतीवरचा तक्ता काढून टेबलावर पसरला आणि तो खोटा कुठं आहे ते शोधायला बसली.

गंमत म्हणजे तक्त्यात एकही आकडा खोटा नव्हता. लबाडी त्याच्या अलीकडे होती. जो शेअर आठवडेच्या आठवडे कुणी घेत नाही आणि कुणी विकत नाही, त्याचा भाव मागच्या सौद्यालाच चिकटून राहतो. बाजार कोसळला तरी तो तसाच दिसतो. कोसळला नाही म्हणून नव्हे. त्याला कुणी विचारलंच नाही म्हणून. आणि गणिताला एवढंच दिसतं, की बाकीचे हलले तेव्हा हा हलला नाही. म्हणजे संबंध शून्य, चौकोन हिरवा. असे बारा मुके एका खोलीत बसवले की गणित म्हणतं, वा, बाराही जण स्वतंत्र विचाराचे!

हे बारा शेअर होते जावईबापूंचे आणि त्यांच्या चार मित्रांचे. अधूनमधून एकमेकांतच दोन-चार सौदे करायचे, भाव जिवंत दाखवायचा आणि मग एखादा नकाशेवाला म्हातारा गाठून त्याच्या गळ्यात मारायचे. बाबा गिऱ्हाईक नव्हते. बाबा दार होते, जावईबापूंना बाहेर पडायचं दार.

हे कळल्यावर तक्रार करता आली असती. कुणाकडे आणि कशाची? आकडे खरे, सह्या बाबांच्या. ताईनं तक्रार केली नाही. तिनं निधीच्या नियमांत एक नियम घालून घेतला.

पाणी खात्यात एक रीत आहे. ठेकेदारानं नवी जलवाहिनी कितीही सुंदर टाकलेली असो, ती दाब दिल्याशिवाय ताब्यात घेत नाहीत. दोन्ही टोकं बंद करायची, आत पाणी भरायचं, रोजच्या कामाला लागतो त्याहून जास्त दाब द्यायचा आणि बघत बसायचं. फुटली तर ठेकेदाराची, टिकली तर खात्याची. निधीचे अध्यक्ष जुने इंजिनियर. ताईनं त्यांना म्हटलं, "साहेब, पायपाला दाब देतो, मग आपल्या लोकांच्या म्हातारपणाला का नाही?" साहेब असे खूश झाले, जणू त्यांनाच सुचलं. नियम झाला: जो कुणी निधीपुढं गुंतवणुकीची योजना आणेल, त्यानं स्वतःकडचे तेच शेअर, दहावा हिस्सा, उघड बाजारात विकून दाखवायचे. भाव टिकला तर पुढं बोलू.

मग ताईनं काही वर्षं वाट बघितली. तोवर त्या पाच जणांनी आपापसांत सौदे करून बाबांच्या वेळी पडलेले भाव पुन्हा वर नेले आणि तिथंच थिजवले. निधीनं नव्या योजना मागवायचं ठरवलं तेव्हा तिनं धाकटीला फोन केला, बाकीचं सगळं बोलली आणि शेवटी सहज म्हणाली, "आमच्याकडं या महिन्यात फार गडबड आहे गं, नव्या योजना मागवल्यात." धाकटीला सकाळी सांगितलेलं जावईबापूंच्या कानावर संध्याकाळी असतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आठवड्यात जावईबापूंचा अर्ज आला.

* * *

बैठकीची खोली म्हणजे एक लांब टेबल, कुरकुरणाऱ्या खुर्च्या आणि भिंतीवर गावभरच्या जलवाहिन्यांचा नकाशा. टेबलाच्या डोक्याशी अध्यक्ष, एका बाजूला युनियनचे काका. काका पंपावर उभी हयात काढून कामगारांचे प्रतिनिधी झालेले. मशीनच्या आवाजात बोलायची सवय, म्हणून बंद खोलीतही ओरडायचे.

ताई सुरुवातीलाच उभी राहिली. "एक सांगायचंय. हे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. तेव्हा मी यात मत देणार नाही. फक्त नियम वाचायचे असतील तिथं वाचीन."

जावईबापूंच्या चेहऱ्यावर आधी धास्ती आली आणि मग पसरलं ते मोठं हसू. घरचं माणूस आडवं जात नाही म्हणजे काम झालं! त्यांनी पडद्यावर तक्ता लावला. हिरवागार. तेच बारा. नावं बदलायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती.

"हे कोरिलेशन," जावईबापू म्हणाले. "सगळ्या योजनेचा पाया."

"साध्या भाषेत सांगा हो," काका ओरडले. "आम्ही पंपवाले."

"सांगतो ना काका. दोन शेअर किती बरोबरीनं चालतात, त्याचा हा आकडा. एक आला म्हणजे सख्खे जुळे. एकाला शिंक आली की दुसऱ्याला येणार. शून्य आला म्हणजे एकमेकांची तोंडओळखही नाही. आणि उणे एक म्हणजे जावाजावा. एक हसली की दुसरी रडलीच."

"आमच्या घरात दोघी एकदम रडतात," काका म्हणाले. "आणि दोघींचंही कारण मीच असतो."

खोली हसली. जावईबापू सगळ्यांत मोठ्यानं हसले. "तर काका, सगळा पैसा जुळ्यांत घातला तर एक पडला की सगळं घर पडलं. म्हणून ज्यांची ओळखच नाही असे बारा निवडायचे. जोखीम वाटली जाते. आणि नुसतं बोलत नाही मी. माझी स्वतःची पै न् पै याच बारांत आहे."

ताई टेबलावरच्या पेन्सिलीकडं बघत होती. हे वाक्य ते बोलणार याची तिला खात्री होती. बाबांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा ते खरंच बोलत होते. त्यातच तर त्यांचा जीव अडकला होता.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "छान. बाई, नियम?"

ताईनं वाचला. दहावा हिस्सा, स्वतःच्या खात्यातून, उघड बाजारात, येत्या गुरुवारी, आम्ही बघत असताना.

"पायपाची दाब-चाचणी असते ना, तशी," अध्यक्ष कौतुकानं म्हणाले.

जावईबापूंची मान डोलता डोलता अर्ध्यावर थांबली. त्यांनी ताईकडं पाहिलं. ताईनं त्यांच्याकडं तसंच पाहिलं, जसं पाहुण्याला 'अजून चहा घ्या' म्हणताना बघतात.

"घाबरताय का सर?" काका म्हणाले. "फुटणारी लाईन असेल तर आत्ताच सांगा, खड्डा तरी वाचेल."

"छे हो, घाबरायचं काय!" जावईबापू म्हणाले. "गुरुवारी तर गुरुवारी."

नाही म्हणायला जागाच नव्हती. आणि मनात त्यांनी हिशेबही केला असणार: दहावाच हिस्सा ना, चार मित्र आहेत, तेच उचलतील. भाव टिकला की पाणी खात्याच्या सगळ्या म्हाताऱ्यांचा पैसा आत, आणि आपण बाहेर.

ताईनंही तोच हिशेब केला होता. चौघे मित्र गुरुवारी उभे राहिले असते तर चाचणी पार पडली असती. पाईप बाहेरून दाबून धरला तर कुठलाही टिकतो. तेव्हा मित्र उभे राहता कामा नयेत. त्यासाठी काय करायचं तेही तिला ठाऊक होतं, आणि ते तिला आवडत नव्हतं. आवडत नाही म्हणून माणूस करत नाही असं थोडंच आहे.

* * *

मंगळवारी दुपारी धाकटी खात्याच्या कँटीनमध्ये आली. केस नीट बांधलेले नव्हते, पायात घरातल्याच चपला.

"ताई, ती चाचणी महिनाभर पुढं ढकल."

"त्यांनी पाठवलं?"

"पाठवलं म्हणजे... झोपत नाहीत गं ते. येरझाऱ्या घालतात. सारखे त्या चौघांना फोन. तुझ्या हातात आहे म्हणतात."

"माझ्या हातात नियम आहे. वाचायचा."

"उगीच साळसूद बनू नकोस!" धाकटी एकदम चढली. "मी तुझ्या पाठीवरची आहे. तू पेन्सिलीला टोक करतेस तरी मला कळतं कुणाला भोसकायचंय."

ताईला हसू आलं. कितीही झालं तरी ही पोरगी तिचीच होती. "चहा घे."

"नको तुझा चहा."

"तुझ्या नावावर किती आहेत गं त्यातले?"

धाकटी म्हणाली, "अर्धे. कराचं काहीतरी असतं ना. आणि घर तारण आहे त्याच शेअरांच्या जोडीनं. शेअर पडले तर कर्जवाले घर मागतील."

हे ताईला माहीत नव्हतं. शेअर असतील एवढं धरलं होतं, घर नाही. कँटीनवाला कपबशा आदळत होता. ताईनं एकेक कप वाजताना ऐकला, आणि त्या वेळात तिला थांबता आलं असतं. अध्यक्षांना सांगायचं, साहेब, योजनाच नामंजूर करा, चाचणी कशाला. निधी वाचला असता, बहिणीचं घर वाचलं असतं. आणि जावईबापू तोच तक्ता बगलेत मारून दुसऱ्या कुठल्या तरी निधीकडं, दुसऱ्या कुठल्या तरी बाबांकडं गेले असते. त्या कुणातरी बाबांचा विचार ताईनं केला, असं म्हणायला बरं वाटलं असतं. नाही केला. तिला डोळ्यांपुढं दिसत होते फक्त तिचे बाबा, कपात बघत बसलेले.

"ऐक," ती म्हणाली. "गुरुवारी ते शेअर कोसळणार. बाराच्या बारा. मी अभ्यास केलाय, मला माहिताय. तुझ्या नावाचे आहेत ते आज विक. आत्ता, इथून घरी जाऊन. जो भाव मिळेल त्याला. घराचं कर्ज फेड."

"आणि त्यांचे?"

"त्यांचं त्यांनी बघावं."

"म्हणजे त्यांना न सांगता विकू?"

"असं मी कुठं म्हणाले?"

"तू बाबांचं अजून धरून बसलीयस."

"तू सोडलंस?"

"बाबा गेले, ताई. मला राहायचंय. त्याच माणसाबरोबर, त्याच घरात." ती उठली. "तुला हे कधी कळणार नाही." आणि चपला ओढत निघून गेली.

ताई थंड झालेला चहा प्यायली. तिनं बहिणीला खरं तेच सांगितलं होतं, वाचायचा रस्ताही दाखवला होता. आणि ती तो रस्ता घेणार नाही, तडक घरी जाऊन नवऱ्यापुढं सगळं ओकेल, हेही तिला पक्कं माहीत होतं. त्या नवराबायकोचा आकडा एक होता. सख्खे जुळे.

* * *

झालं ते असं. जावईबापूंनी ऐकलं, ताईला माहिताय, ताई म्हणते गुरुवारी कोसळणार. त्यांच्या मनात पहिला प्रश्न आला: हिला सांगितलं कुणी? चौघांपैकी कुणीतरी फुटलाय. गुरुवारी मला तोंडघशी पाडून आपण निसटणार! मग मीच आधी का नाही? बुधवारी बाजार उघडल्या उघडल्या त्यांनी विकायला काढलं. दहावा हिस्सा नव्हे, निम्मे. स्वतःचे आणि बायकोचे.

विकत घ्यायला तिथं होतं कोण? तेच चार मित्र, शब्द दिल्याप्रमाणं गुरुवारची तयारी करत बसलेले. त्यांनी पडद्यावर विक्रीचा ढीग पाहिला आणि एकेकाच्या डोक्यात एकच उजेड पडला, हा पळतोय. मग कसला शब्द न् कसली मैत्री. चौघांनीही आपापले शेअर विकायला काढले.

ताईच्या टेबलावरच्या पडद्यावर ते बारा एकाखाली एक लावलेले होते. वर्षानुवर्षं थिजलेले आकडे. आधी एक लाल झाला. मग त्याच्या खालचा. मग मधलेच दोन. काका पगारपत्रकाचं काहीतरी विचारायला आले होते, ते तिथंच थबकले.

"अहो बाई, हे सगळे एकदम? यांची ओळख नव्हती ना?"

"झाली आता," ताई म्हणाली.

"विकत घ्यायला कुणीच नाही?"

"कधीच नव्हतं."

काकांनी खुर्ची ओढली. मशीन जळताना बघावं तसे ते बघत होते, हळहळत आणि नजर न काढता. ताई हळहळली नाही. तिला भूक लागली. तिनं डबा उघडला आणि पडद्यासमोर बसून सगळा संपवला. प्रत्येक घास गोड लागला. भाव थोडे घसरले तेव्हा कर्जवाल्यांनी तारणातले शेअरही विकायला काढले आणि मग खाली तळच उरला नाही. दुपारपर्यंत तक्त्यातले सगळे चौकोन, कुणी मोजले असते तर, भडक लाल निघाले असते. तो तक्ता मात्र कुणी काढला नाही. गरज नव्हती.

गुरुवारी अध्यक्ष, काका, सगळे खोलीत येऊन बसले. जावईबापू आले नाहीत. अध्यक्षांनी अर्जावर रेघ मारली. काका ताईला म्हणाले, "बाई, आमच्या पोरांचं म्हातारपण वाचवलंत." ताईनं मान हलवली. त्यासाठी केलं नव्हतं. पण लोकांना आभार मानायचे असले की मानू द्यावेत.

शुक्रवारी ते आले. बैठकीच्या खोलीत नाही, जिन्यात. ताई खाली उतरत होती आणि ते खालच्या वळणावर कठडा धरून उभे होते. कॉलर मऊ पडलेली.

"ताई, मुद्दाम केलंत ना?"

"काय केलं मी? नियम वाचला."

"सगळं गेलं. घर, गाडी, ऑफिस. तिच्या नावाचंसुद्धा." त्यांना रागवायचं होतं, पण राग धरायला अंगात जोर लागतो. ते पायरीवर बसले आणि खालच्या मानेनं, अगदी मनापासून विचारल्यासारखं म्हणाले, "मी घाई केली का हो? गुरुवारपर्यंत थांबलो असतो तर?"

किती वर्षं ताईनं हेच शब्द त्यांच्या तोंडावर मारायचं ठरवलं होतं. आणि बघा, त्यांनीच ते काढले, आणि तिच्या तोंडातले हिसकावून घेतल्यासारखे झाले. ती दोन पायऱ्या उतरून त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"घाई नाही," ती म्हणाली. "आज विकले असते, गुरुवारी विकले असते, दहा वर्षांनी विकले असते, तेच झालं असतं. त्या कागदांना किंमत कधी नव्हतीच. तुम्हाला ते माहीत होतं. बाबांना नव्हतं. ते मरेपर्यंत समजत राहिले, आपलंच चुकलं. तुम्हाला तेवढीसुद्धा सोय मिळणार नाही."

ताई त्यांना ओलांडून खाली गेली.

* * *

धाकटी रविवारी सकाळी आली. ताईनं मागची खोली आधीच झाडून ठेवली होती, गादी उन्हात टाकून आणली होती. दार उघडून म्हणाली, "ये. तुझं सामान कुठाय?"

"सामान टेम्पोत आहे. खाली." धाकटी उंबऱ्याबाहेरच थांबली. "एक खोली भाड्यानं मिळालीय, स्टेशनामागं. ते तिथं आहेत. मी फक्त एक विचारायला आलेय."

"आत तरी ये."

"तू मला कँटीनमध्ये विक म्हणालीस. तुला माहीत होतं, मी त्यांना सांगेन?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. एक छोटंसं 'नाही' आणि बहीण आत आली असती, रडली असती, मागच्या खोलीत झोपली असती. पण ताईनं आयुष्यातली इतकी वर्षं एका लबाड माणसाचा हिशेब चुकता करण्यात घालवली होती. आता शेवटाला स्वतः तेच करायचं, तर मग फरक काय राहिला?

"हो," ती म्हणाली. "माहीत होतं."

"घराचं ऐकल्यावरसुद्धा?"

"ऐकल्यावरसुद्धा."

धाकटीनं मान हलवली. तिला उत्तर आधीच ठाऊक असावं. फक्त ताईच्या तोंडून हवं होतं. "त्यांनी बाबांना फसवलं, ते मला कळलं होतं, ताई. तेव्हाच कळलं होतं. मी काही बोलले नाही. ते माझं पाप, मी वागवीन. पण त्यासाठी त्यांनी मला वापरलं नव्हतं. तू मला खरं सांगून वापरलंस."

"तू राहा इथं. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण राहा."

"नाही. त्यांचं बुडालंय ना, तर त्यांच्याबरोबर माझं बुडू दे. तुझ्या घरात तरंगायचं नाही मला."

"त्या माणसासाठी?"

"त्या माणसासाठी नाही," धाकटी जिना उतरता उतरता म्हणाली. "तुझ्यामुळं."

खाली टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. ताई खिडकीशी गेली नाही. तिनं दार लावलं, पोळ्या केल्या, पोटभर जेवली, आणि मागच्या खोलीत ऊन खाल्लेल्या गादीवर आडवी झाली. अशा वेळी माणसाला झोप लागत नाही म्हणतात. खोटं आहे. तिला संध्याकाळपर्यंत गाढ झोप लागली. बाबा गेल्यापासून तशी लागली नव्हती.

उठल्यावर तिनं धाकटीला फोन लावला. रिंग पुरी वाजून बंद झाली. तिनं परत लावला नाही, उद्या लावायचं ठरवलं. परवाही लावेल. धाकटीचा राग किती दिवस टिकतो ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि या वेळचा टिकणार होता.